जेवलो म्हणणारी माणसं

माझ्या नवऱ्याला, प्यो गीचोलला, कुणी ‘जेवलो’ म्हटलं की खरं वाटत नाही. आमच्या बुसानमध्ये माणसं भेटली की पहिला प्रश्न असतो, जेवलात का? त्यावर हो म्हणायचं, जेवलेलं असो वा नसो, आणि पुढच्या बोलण्याला लागायचं. हा मात्र तिथेच अडून बसतो. काय जेवलात? कुठे? सोबत कोण होतं? पोलिसात गेला असता तर नाव काढलं असतं. पण चालवतो टॅक्सी.

तोंडावर मी त्याला ‘अहो’ म्हणते, चारचौघांत ‘सोल्मीचे बाबा’ म्हणते. लिहिताना मात्र ‘तो’च म्हणणार, नाहीतर मोकळेपणानं तोंडसुख घेता येत नाही.

काळजी हा त्याचा धंदा आहे आणि टॅक्सी हा जोडधंदा. गॅस बंद केलाय की नाही बघायला तो अर्ध्या रस्त्यातून परत येतो. आमची सोल्मी लग्न होऊन थेजॉनला गेली. तिकडे पाऊस पडणार असं बातम्यांत सांगितलं की हा इकडे छत्री शोधायला लागतो. सकाळी रेल्वे स्टेशनबाहेर टॅक्सी लावायची आणि शहर बघायला आलेल्या पाहुण्यांना दिवसभर फिरवायचं, हे त्याचं काम. टॉवर दाखवतो, पण कठड्यापाशी गेलेल्या माणसाची बाही धरून ठेवतो. जागाल्चीचा मासळी बाजार दाखवतो, पण आधी फरशी किती निसरडी आहे ते सांगतो. समुद्र दाखवतो तो त्याच्याकडे पाठ करून, कारण तोंड पाहुण्यांकडे ठेवून तो लाटांच्या गोष्टी सांगत असतो. याच्याबरोबर बुसान बघायचं म्हणजे बुसानमध्ये कुठे कुठे जीव जाऊ शकतो त्याची माहिती घ्यायची, असं स्टेशनवरचे टॅक्सीवाले म्हणतात. तरी याच्याकडे गिऱ्हाईक येतं. का येतं, देव जाणे.

तो आधी असा नव्हता. सोल्मीचं लग्न झालं त्या वर्षी एक कॉलेजातला मुलगा त्याच्या गाडीत बसला. एकटाच. शहर दाखवा म्हणाला. टॉवर, मासळी बाजार, गामचॉनच्या टेकडीवरची रंगीत घरं, सोंगदोचा किनारा, आणि शेवटी योंगदो बेटावरचे थेजोंगदेचे कडे. अतिशय सभ्य पोरगा होता म्हणे, दार आपलं आपण लावायचा, प्रत्येक ठिकाणी थँक्यू म्हणायचा. थेजोंगदेच्या फाटकाशी उतरला आणि म्हणाला, “काका, थांबू नका.” हा तरीही थांबला. अंधार पडला तरी मुलगा येईना, तेव्हा पहारेकऱ्यांना घेऊन हा आत गेला. दीपस्तंभाखालच्या खडकावर बुटांची जोडी होती. टाचेला टाच लावून, घराच्या उंबऱ्याशी ठेवावी तशी. मुलगा मिळाला नाही. समुद्रानं त्याला कधीच परत दिलं नाही.

पोलिसांनी विचारलं ते ह्यानं सांगितलं, कुठे कुठे नेलं, कोणत्या क्रमानं. मग घरी आला, आणि तेव्हापासून हा असा आहे. थेजोंगदेचं भाडं घेतो, पण फाटकाशी उतारू परत येईपर्यंत हलत नाही. आणि एक नवीन खूळ. एकटा उतारू मिळाला की दुपारी त्याला माझ्या दुकानात आणून बसवायचं.

माझं दुकान गामचॉनच्या टेकडीच्या पायथ्याशी आहे. डुकराच्या हाडांचं सूप आणि भात, एवढंच मिळतं, आणि ते मिळतं तसं दुसरीकडे मिळत नाही. उतारू म्हणतो, मी जेवलोय. हा म्हणतो, ते राहू द्या, बसा. मी बापडी समजायची की नवरा माझ्या धंद्याला हातभार लावतोय. “काय दलाल मिळालाय मला!” म्हणून मी सगळ्यांसमोर त्याची टिंगलही करायची. तो उतारूच्या वाडग्याकडे बघत बसायचा.

तर त्या दिवशी, नोव्हेंबरात, असाच तो दुपारी आला. दुकान गच्च भरलेलं. त्याच्यामागे एक बाई, माझ्याच वयाची, काळा कोट घातलेली, केस घट्ट मागे बांधलेले. हातात एक कापडी पिशवी, बरीच जड असावी, कारण तिचा खांदा एका बाजूला झुकला होता. मी पिशवी घ्यायला पुढे झाले तर तिनं ती चटकन मागे घेतली.

“राहू द्या ताई, मी धरते.”

तिला कोपऱ्यातल्या टेबलाशी बसवून हा तडक माझ्या चुलीपाशी आला. चेहरा धुतलेल्या मुळ्यासारखा पांढरा.

“ऐकतेस का? ही तीच ठिकाणं सांगतेय.”

“कुठली?”

“त्या पोराची. टॉवर. मग बाजार. मग गामचॉन. त्याच क्रमानं. मी म्हटलं, ताई, बाजार आधी करू, सकाळी मासळी ताजी असते. तर म्हणाली, नको, आधी टॉवर. पुढे सोंगदो, आणि शेवटी...”

त्याला पुढचं नाव घेववलं नाही. मी पळी खाली ठेवली.

“अहो, हजारो लोक ह्याच क्रमानं फिरतात. रस्ताच तसा आहे.”

“फोटो काढत नाही गं ती. एकही नाही. टॉवरवर प्रेमी लोकांनी कुलपं लावलीयेत ना कठड्याला, तिथे उभी राहिली, उभी राहिली, आणि मला विचारते, इथे माणसं बराच वेळ थांबतात का? गामचॉनमध्ये लोक फोटोसाठी रांगा लावून उभे, आणि ही एका भिंतीला हात लावून उभी. आणि ती पिशवी. डिकीत ठेवू देईना. मांडीवर घेऊन बसलीय सकाळपासून. काहीतरी कडक आहे त्यात. जड.” तो माझ्या कानाशी आला. “दगड असतील.”

“दगड घेऊन कोण फिरतं?”

त्यानं नुसतं माझ्याकडे पाहिलं. बुडायला निघालेलं माणूस, हे मग माझ्याही लक्षात आलं.

मी स्वतः तिचा वाडगा घेऊन गेले. टेबलावर ठेवताना पायानं पिशवीला हळूच धक्का दिला. हलली नाही. आत काहीतरी गोल गोल, टणक.

“खा ताई, गरम आहे तोवर.”

तिनं चमचा घेतला, सूप ढवळलं, आणि दुकानभर नजर फिरवली. एकेका टेबलावर, एकेका खुर्चीवर, जणू कुणी बसलंय का बघत होती. मग विचारलं, “तुमच्याकडे एकटी मुलं येतात का हो खायला?”

“येतात की. कॉलेज जवळच आहे.”

“खातात पोटभर?”

“माझ्याकडे कुणी उपाशी उठत नाही.”

ती हसली. एक चमचा तोंडाशी नेला आणि तसाच परत ठेवला. भाताला हात लावला नाही. एरवी माझं सूप टाकून उठणाऱ्या माणसाला मी चार शब्द सुनावल्याशिवाय सोडत नाही. माझी सासूही त्यातून सुटली नव्हती. पण त्या दिवशी तो भरलेला वाडगा मी तसाच उचलून आत नेला. जेवण नको झालेलं माणूस म्हणजे काय ते मला ठाऊक आहे.

“अहो,” मी ह्याला मागच्या दाराशी ओढलं, “पोलिसांना फोन करा.”

“काय सांगू? एक बाई शहर बघतेय म्हणून?”

“मग नेऊच नका तिकडे. गाडी बिघडली म्हणा.”

“मी नाही नेलं तर दुसरा नेईल. तो थांबणार नाही.”

बरोबर होतं त्याचं. तो पाण्याचा पेला हातात घेऊन उभा होता आणि पाणी पीत नव्हता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला वाटलं, ह्याला एकट्याला सोडू नये. मी एप्रन काढला. त्याचा मित्र माएंग, तोही टॅक्सीवालाच, दारापाशी जेवत बसला होता. त्याच्या हातात पळी दिली.

“वहिनी, हे काय?”

“वाढ सगळ्यांना. हाडं तळाशी आहेत, ढवळत राहा. आणि जास्त मीठ घालशील तर बघ!”

भर दुपारी मी दुकान दुसऱ्याच्या हाती दिलं, असं सोल्मीच्या जन्मानंतर झालं नव्हतं. गाडीत मी मागे, त्या बाईच्या शेजारी जाऊन बसले.

“मला योंगदोला नणंदेकडे जायचंय,” मी म्हटलं. “तुम्हीही तिकडेच जाताय म्हणून. चालेल ना ताई?”

“बरं झालं, सोबत झाली,” ती म्हणाली.

सोबत हवीय म्हणजे चांगलं लक्षण, असं मी मनात म्हटलं आणि लगेच वाटलं, पण कशासाठी सोबत?

सोंगदोला उतरलो. लोक वाळूवर अनवाणी फिरत होते, एक म्हातारा कुत्र्याला चेंडू टाकत होता. ती पाण्यापासून दूरच उभी राहिली. मी तिच्या एका बाजूला, हा दुसऱ्या बाजूला. लांबून बघणाऱ्याला आम्ही तिला पकडून आणलंय असंच वाटलं असतं.

“कुठून आलात ताई?” मी विचारलं.

“योंगजूकडून. डोंगरातलं गाव. तिकडे समुद्र नाही.”

“घरी कोण कोण?”

“मी.” मग जरा थांबून, “आणि बाग.”

“बागेला पाणी कोण घालेल तुम्ही नसताना?” हा मध्येच बोलला. प्रश्न वेडगळ होता, पण तो का विचारतोय ते मला कळलं. तिला घरी काहीतरी वाट बघतंय याची आठवण द्यायची होती त्याला.

“हिवाळा आलाय, ड्रायव्हरसाहेब. आता झाडांना काही लागत नाही.”

झालं! ह्यानं आरशात, म्हणजे गाडीत परत बसल्यावर आरशात, माझ्याकडे असं पाहिलं की मी खिडकीबाहेर बघायला लागले.

थेजोंगदे जवळ आलं तसा तो गाडी इतकी हळू चालवायला लागला की मागच्या बसवाल्यानं हॉर्नवरचा हात काढलाच नाही. एका छोट्या दुकानापाशी ती म्हणाली, “जरा थांबता?” उतरली आणि सोजूची एक बाटली घेऊन आली. पेला नाही, कागदी कप नाही. नुसती बाटली. पिशवीत टाकली तेव्हा ती आत कशावर तरी खणकन आपटली. ह्याचे कान लाल झाले.

“ताई, दारू कशाला? थंडीत बाधते.”

“थोडी लागेल,” ती म्हणाली.

फाटकाशी ती उतरली, वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, “ड्रायव्हरसाहेब, इथून मी एकटीच जाईन. तुम्ही थांबू नका.”

तेच शब्द. मी ह्याचा हात धरला तर तो बर्फ झालेला.

“आम्हीही येतो,” मी म्हटलं. “नणंदेकडे जायचंय ना मला.”

“नणंद इथे राहते?”

“दीपस्तंभाकडे.”

तिथे राहतात ते फक्त पक्षी. तिनं माझ्याकडे पाहिलं. वळली आणि चालायला लागली. आत गाड्या जाऊ देत नाहीत. लोकांसाठी एक खेळण्यातल्यासारखी आगगाडी फिरते. ती गाणं वाजवत आमच्या शेजारून गेली. पोरं खिडकीतून हात हलवत होती. हा त्यांना उलट हात हलवत होता आणि त्याच्या गालावरून घाम ओघळत होता. माझे गुडघे आधीच कामातून गेलेले, चढ संपता संपेना. ती पुढे, आम्ही मागे. थोडं अंतर ठेवून, कारण फार जवळ गेलं की ती थांबायची आणि आम्हाला पुढे जायला वाट द्यायची.

“काही बोलू का तिच्याशी?” तो कुजबुजला.

“काय बोलणार?”

“त्या वेळी मी काहीच बोललो नाही गं. हवा छान आहे म्हणालो.”

वाटेत पुतळा लागतो, दोन लेकरांना जवळ घेतलेल्या आईचा. इथवर आलेल्या माणसाला घरची आठवण व्हावी म्हणून तो फार पूर्वी उभारलाय, असं आमच्याकडे सांगतात. ती त्याच्यापुढे थांबली. आम्ही पाइनच्या झाडाआड. बराच वेळ ती त्या आईच्या तोंडाकडे बघत होती. वळेल, मला वाटलं. आता वळेल आणि म्हणेल, चला परत. मनातल्या मनात मी सगळ्या देवांना हाक मारली, बुद्धाला, समुद्रातल्या नागराजाला, माझ्या मेलेल्या आईलासुद्धा. ती वळली, पण खाली जाणाऱ्या पायऱ्यांकडे.

दीपस्तंभाच्या पायऱ्या उभ्या आहेत आणि वळणा-वळणाच्या. वारा इतका होता की कठडा धरावा लागत होता. एका वळणावर ती दिसेनाशी झाली. हा धावायला लागला. मी ओरडले, “अहो, पडाल!” तो कुठला ऐकतोय. मी खाली पोचले तेव्हा तो खडकावर उभा होता, हलत नव्हता.

समोर बूट होते. काळे, साधे, टाचेला टाच लावून, नीट. पुढे एक मोठा खडक आणि त्यापलीकडे समुद्र. माणूस कुठेच नव्हतं.

माझ्या नवऱ्याच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी आयुष्यात ऐकला नव्हता. शब्द नव्हते त्यात. तो त्या मोठ्या खडकाला वळसा घालून झेपावला, मी त्याच्या मागे, सदऱ्याचं टोक धरून, म्हणजे गेलाच तर माझ्यासकट जाईल.

खडकापलीकडे ती होती. जमिनीवर डोकं टेकवून, दोन्ही तळवे पालथे, पूर्ण दंडवत घातलेली, म्हणून तर दिसली नव्हती. पुढे एक रुमाल अंथरलेला. त्यावर सफरचंदं रचलेली, लालभडक, मुठीएवढी. उघडलेली सोजूची बाटली. नमस्कार करायचा तर माणूस बूट काढणारच. घालून कोण करतं? हे आम्हा दोघांना जन्मापासून ठाऊक, आणि दोघांपैकी एकालाही ते सुचलं नाही.

पण ह्याला आता थांबता येईना. त्यानं तिला खांद्याला धरून मागे ओढलं, खडकापासून दूर, आणि तिचा कोट मुठीत घट्ट धरून खाली बसला. “नको,” तो म्हणत होता, “नको, ताई, नको, नको.” आणि लहान पोरासारखा रडत होता. मी तिथेच बसकण मारली. मलाही रडू फुटलं, आणि रागही आला, तिचा, त्याचा, त्या सफरचंदांचा.

ती घाबरली नाही. कोट सोडवूनही घेतला नाही. तिनं ह्याच्या पाठीवर हात ठेवला आणि तो शांत होईपर्यंत ठेवून दिला.

“मी हानग्योलची आई,” ती म्हणाली.

त्या पोराचं नाव आम्हाला माहीत होतं. ह्यानं ते घरी कधी उच्चारलं नव्हतं, तरी मला माहीत होतं.

“आज तिथीनं त्याचा दिवस. दरवर्षी घरी करते. यंदा वाटलं, तो जिथे आहे तिथेच जावं. स्टेशनवर विचारलं, त्या वेळचे टॅक्सीवाले कोण. त्यांनी तुमच्याकडे बोट दाखवलं.”

“सांगायचंत ना सकाळीच!” मी जवळजवळ ओरडलेच. “ह्या माणसाचं हृदय बंद पडलं असतं!”

“सांगितलं असतं तर त्यांनी त्याला दाखवलं तसं मला दाखवलं नसतं.” मग ह्याच्याकडे वळून, “त्यानं शेवटी काय काय पाहिलं ते मला बघायचं होतं. छान दाखवता तुम्ही. टॉवरवर माझी बाही धरलीत. त्याचीही धरली होती?”

ह्यानं मान हलवली. नाही म्हणाला की हो, कळलं नाही.

“मुलाला आईनं नमस्कार करायचा नसतो,” ती म्हणाली, “म्हणून समुद्राला केला. त्याच्याकडे आहे ना तो. म्हटलं, पोरगं तुझ्या पदरी आहे, नीट बघ त्याच्याकडे. बागेतली सफरचंदं आहेत ही. त्याला आवडायची.”

वाऱ्यानं रुमालाचं टोक उडत होतं. मी पुढे सरकून त्यावर हात ठेवला, काहीतरी करायचं म्हणून.

“एक विचारू, ड्रायव्हरसाहेब?” ती म्हणाली. “त्यासाठीच खरं तर आले. पोलिसांनी मला सगळी ठिकाणं सांगितली, ती मला पाठ आहेत. त्यात जेवणाचं नाव नव्हतं. इतकी वर्षं मला तेवढंच टोचत राहिलं. सकाळपासून फिरत होता, उपाशी फिरला का? पण आज दुपारी तुम्ही मला जेवायला नेलंत. ताईंच्या दुकानात. मी तिथे बसल्या बसल्या विचार करत होते, म्हणजे त्यालाही नेलं असेल. पोलीस सांगायला विसरले असतील.” तिचा आवाज पहिल्यांदा हलला. “जेवला होता का हो तो?”

मी नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि मला सगळं कळलं. ते एकट्या उतारूंना आणून बसवणं. ते ‘काय जेवलात, कुठे’. ज्याला मी दलाली म्हणत होते ते काय होतं. त्या दिवशी ह्यानं त्या पोराला विचारलं असणार, जेवलास का? आणि पोरगा म्हणाला असणार, हो काका, जेवलो. आणि ह्यानं ते ऐकून गाडी पुढे नेली असणार, जगातला कुणीही नेईल तशी.

ह्याला खोटं बोलता येत नाही. त्याचे ओठ हलायला लागले. ती त्या ओठांकडे बघत होती.

“जेवला होता,” मी म्हटलं. “माझ्याकडेच.”

दोघांनीही माझ्याकडे पाहिलं.

“मला आठवतो तो. मी विसरत नाही कुणाला. दाराजवळच्या टेबलाशी बसला होता. सभ्य पोरगा. सूप दिलं तर दोन्ही हातांनी घेतलं. सगळा वाडगा संपवला, भातसुद्धा. निघताना म्हणाला, मावशी, छान झालं होतं.”

एकदा सुरू झाल्यावर मला थांबता येईना. मी किमचीबद्दलही सांगितलं, मुळ्याची घेतली, कोबीची नको म्हणाला. ती ऐकत होती, तोंड थोडं उघडं, गोष्ट ऐकणाऱ्या मुलीसारखी.

“डुकराचं सूप ना तुमच्याकडे?” तिनं विचारलं.

“हो.”

“हानग्योल डुकराचं मांस खात नव्हता,” ती हळूच म्हणाली. “लहानपणापासून. वाससुद्धा सहन व्हायचा नाही त्याला. घरी शिजवलं की अंगणात जाऊन बसायचा.”

ह्यानं डोळे मिटून घेतले. मला वाटलं, आता ही उठेल आणि खरोखरच त्या पाण्याकडे जाईल, आणि ह्या वेळी ते माझ्या जिभेमुळे असेल. सुचेना काय करावं. मी तिचा हात धरला. तिनं तो काढून घेतला नाही. माझ्या चेहऱ्याकडे ती बघत राहिली. इतका वेळ माझ्याकडे कुणी पाहिलेलं मला आठवत नाही.

“त्या दिवशी खाल्लं असेल,” शेवटी ती म्हणाली. “थंडी होती. भूक लागली असेल.”

“हो,” मी म्हटलं.

“तुमच्या हातचं होतं, म्हणून खाल्लं असेल.”

मला हो म्हणता आलं नाही. मी नुसती मान हलवली.

तिनं सोजू खडकावर ओतली, तीन धारा, आणि सफरचंदं एकेक करून पाण्यात सोडली. एक ह्याच्या हातात दिलं. मग बूट घातले. वाकताना तिचा तोल जरासा गेला तर ह्यानं तिची बाही पकडली आणि वर फाटकापर्यंत सोडली नाही.

परतताना मी गाडीत तिच्या शेजारीच बसले. योंगदोचा पूल ओलांडल्यावर ती म्हणाली, “ताई, दुपारी मी तुमचं सूप तसंच ठेवलं. वाईट दिसलं असेल. अजून मिळेल का थोडं?”

दुकानात माएंग घामाघूम होऊन ढवळत होता. अर्थात मीठ जास्त पडलं होतं. त्याबद्दल त्याला मी नंतर सुनावलं. तिनं आत येऊन विचारलं, कुठलं टेबल? मी दाराजवळच्या टेबलाकडे बोट दाखवलं. त्यावर दोन गिऱ्हाइकं बसली होती, त्यांना उठवलं. ती तिथे बसली. ह्याला मी समोर बसवलं, आणि दोघांपुढे वाफाळते वाडगे ठेवले. तिनं वाडगा दोन्ही हातांनी घेतला. भात सुपात घातला, मुळ्याची किमची घेतली, आणि खाली मान घालून जेवायला लागली. मध्ये एकदाही थांबली नाही. शेवटी वाडगा उचलून तळ दिसेपर्यंत प्यायली.

“आणखी वाढू?” मी विचारलं.

तिनं वर पाहिलं. “त्यानं घेतलं होतं आणखी?”

“घेतलं होतं.”

“मग वाढा,” ती म्हणाली.